वापरलेली हॅचबॅक: बिघाडांची साखळी आणि दुरुस्तीचा हिशेब

वापरलेली छोटी हॅचबॅक घेताना विक्रेत्याच्या हातात जी रक्कम पडते ती खर्चाचा पहिला हप्ता असते. उरलेला खर्च पुढच्या दोन-तीन वर्षांत गॅरेजमध्ये होतो, आणि तो किती होईल हे गाडीच्या वयापेक्षा आधीच्या मालकाने कोणकोणत्या स्वस्त वस्तूंकडे दुर्लक्ष केले यावर अधिक अवलंबून असते. हॅचबॅक म्हणजे जिचे मागचे दार काचेसह वर उघडते आणि जिची डिकी वेगळी बाहेर आलेली नसते अशी आखूड मोटार. भारतात हा प्रकार घरोघरी पोहोचवला तो डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० ने, आणि तिच्यामागून सॅन्ट्रो, इंडिका, वॅगन आर, अल्टो, स्विफ्ट आणि आय-टेन या गाड्यांनी मध्यमवर्गीय कुटुंबाची पहिली मोटार कशी असावी हे ठरवले. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्वाधिक हात बदलणाऱ्या गाड्यांत याच नावांचा वा त्यांच्या पुढच्या आवृत्त्यांचा भरणा दिसतो. या गाड्यांचे बहुतेक मोठे बिघाड अचानक उद्भवत नाहीत. दोनशे-पाचशे रुपयांचा एखादा भाग वेळेवर बदलला न गेल्यामुळे हजारोंचा भाग निकामी होतो, आणि हा क्रम ज्याला कळला त्याला गाडी पारखताही येते व सांभाळताही येते.

पुढे येणारे दर अल्टो, वॅगन आर, सॅन्ट्रो या वर्गातील पेट्रोल गाड्यांचे असून महाराष्ट्रातील शहरांत बाहेरच्या, म्हणजे कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राशी न जोडलेल्या, बऱ्या गॅरेजमध्ये साधारणपणे आकारले जातात तसे धरले आहेत. अधिकृत केंद्रात मजुरी अधिक पडते, आणि तिथे भागाची अंतर्गत दुरुस्ती करण्याऐवजी अख्खा भाग बदलण्याकडे कल असल्याने एकूण बिल पुष्कळदा दीडपटीच्या घरात जाते. मोटारीच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांऐवजी १८ टक्के झाला, ही जुन्या गाडीच्या मालकाला मिळालेली खरी सवलत आहे, कारण नव्या गाडीच्या मालकाचे बरेचसे भाग हमीच्या मुदतीत फुकट बदलून मिळतात आणि जुन्या गाडीचा मालक मात्र प्रत्येक भागावर कर भरतो.

सर्वांत महाग पडणारी साखळी थंडाव्याच्या यंत्रणेपासून सुरू होते. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि धुराच्या नळकांड्यातून बाहेरही पडत नाही. ती उष्णता इंजिनाच्या भिंतींमधून फिरणारे पाणी उचलते आणि रेडिएटरमध्ये हवेला देऊन टाकते. या पाण्यात कूलंट, म्हणजे गंज रोखणारी रसायने मिसळलेले ग्लायकॉल, असणे आवश्यक असते, कारण ते मिश्रणाचा उत्कलनबिंदू वाढवते आणि आतल्या धातूला खाऊ देत नाही. परंतु पाणी कमी झाले की नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी ओतून वेळ मारून नेण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत बोअरचे पाणी जड, म्हणजे क्षार अधिक असलेले, असल्यामुळे त्या क्षारांची पुटे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसत जातात. रेडिएटरच्या झाकणाचेही असेच आहे: ते यंत्रणेत दाब टिकवून धरते, दाबाखाली पाणी शंभर अंशांऐवजी बरेच वर उकळते, आणि झाकणाचे रबर कडक झाले की तो दाब निघून जाऊन गाडी घाटात उकळू लागते. या झाकणाची किंमत दोन-तीनशे रुपयांच्या पलीकडे क्वचित जाते.

थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. गाडी गरम होते अशी तक्रार आली की ही झडप काढून टाकण्याची प्रथा कित्येक गॅरेजमध्ये आहे, आणि आपल्या उष्ण हवेत तिची गरजच नाही असे त्याचे समर्थन केले जाते. हे समर्थन चुकीचे आहे. झडप नसलेले इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, तोवर इंधनाचे नियंत्रण करणारा संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, तेल पुरेसे पातळ होत नाही, काजळी साठते, आणि मूळ दोष, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा बंद पडणारा पंखा, झाकलेलाच राहतो. नवी झडप पाचशे ते हजार रुपयांत मिळते आणि रेडिएटर अडीच ते पाच हजारांत. हे दोन्ही टाळल्यावर पाळी येते ती हेड गॅस्केटची.

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे डोके, म्हणजे हेड, यांच्या मध्ये बसवलेली पातळ बहुपदरी चकती म्हणजे हेड गॅस्केट. हेड ॲल्युमिनियमचे असते, जुन्या पद्धतीच्या अनेक इंजिनांत ठोकळा बिडाचा असतो, आणि ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्यामुळे एकदा गाडी अतिगरम झाली की हेड वाकते व गॅस्केट फुटते. मग पाणी तेलात किंवा तेल पाण्यात उतरते, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, कुठेही गळती नसताना पाणी कमी होते आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. हेड उतरवून ते लेथवर सपाट करून घेणे, झडपा घासून बसवणे, गॅस्केटचा संच आणि मजुरी असा सगळा खर्च आठ ते पंधरा हजारांत जातो. काटा लाल खुणेवर असतानाही ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून गाडी रेटली गेली असेल, तर पिस्टन जाम होऊन पूर्ण इंजिन खोलावे लागते आणि पंचवीस ते पंचेचाळीस हजार रुपये लागतात. दहा-बारा वर्षांच्या छोट्या गाडीच्या किमतीचा हा एवढा मोठा हिस्सा आहे की खरेदीपूर्वीच्या तपासणीत थंड इंजिनाचे रेडिएटर उघडून पाण्याचा रंग पाहणे हे रंगकाम आणि सीटकव्हर पाहण्याच्या कितीतरी आधी यायला हवे.

इंजिनाच्या आतील झीज ओळखण्यासाठी मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन’ पाहतात. पिस्टनभोवतीच्या कड्या, म्हणजे रिंगा, झिजल्या की जळालेला वायू त्यांच्या फटीतून खाली तेलाच्या टाकीत घुसतो, आणि इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण किंवा तेलाची पट्टी काढल्यावर तो तिथून धक्क्याधक्क्याने बाहेर येतो. किंचित वाफ दिसणे वावगे नाही. झाकण उडेल इतका दाब किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला तर रिंगांचे काम जवळ आले असे समजावे. विकण्यापूर्वी घट्ट तेल भरून हा धूर काही दिवस दाबून टाकता येतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड असतानाच ते सुरू करून पाहण्याचा आग्रह धरावा, आणि विक्रेत्याने आधीच ‘गरम करून ठेवलेल्या’ गाडीबद्दल संशय बाळगावा.

टायमिंग बेल्ट आणि टायमिंग चेन यांतला फरक जुन्या गाडीच्या ग्राहकाला माहीत असणे अगत्याचे आहे. इंजिनाचा मुख्य दांडा आणि झडपा उघडणारा दांडा यांना एका लयीत फिरवणारा पट्टा काही गाड्यांत रबराचा असतो व काहींत साखळीचा. जुनी अल्टो आणि जुनी सॅन्ट्रो पट्ट्याच्या आहेत. २०१० नंतर मारुतीच्या छोट्या गाड्यांत पसरलेली के मालिकेतील इंजिने साखळीची. रबराचा पट्टा ठरलेल्या अंतराला किंवा वर्षांनंतर बदलावाच लागतो, आणि गाडी कमी चालली असली तरी रबर वयामुळे तडकते, ही गोष्ट ‘गाडी घरातच उभी असायची’ या कौतुकात विसरली जाते. पट्टा, ताण देणारी चाकी आणि मजुरी मिळून अडीच ते पाच हजारांत काम होते. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर पेट्रोल इंजिनाच्या रचनेनुसार कमी-जास्त नुकसान होते, पण पिंपरीत तयार झालेल्या जुन्या इंडिकासारख्या डिझेल गाडीत पिस्टन आणि झडपा यांच्यात अंतरच फार थोडे असल्यामुळे झडपा हमखास वाकतात. पट्टा कधी बदलला याची पावती दाखवता येत नसेल, तर तो बदललेला नाही असे गृहीत धरून तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागणे रास्त आहे.

क्लचची झीज ही मात्र दुर्लक्षाची निशाणी म्हणता येत नाही. ती वापराची निशाणी आहे. इंजिनाची गती गिअरबॉक्सला जोडणारी व तोडणारी घर्षणाची चकती, तिला दाबणारी प्रेशर प्लेट आणि तो दाब सोडवणारे बेअरिंग हा संच साठ हजार किलोमीटरही टिकत नाही किंवा लाखाच्या पुढेही जातो, आणि हा फरक चालवणाऱ्याच्या डाव्या पायामुळे पडतो. सिग्नलला अर्धा क्लच दाबून उभे राहणे, खंबाटकी किंवा कसारा घाटात रांगेत थांबून ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणे, या सवयींनी चकती जळते. चौथ्या गिअरमध्ये हळू चालत असता एकदम ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाचा आवाज चढूनही गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतो आहे. मजुरीसह पाच ते आठ हजार रुपयांत संपूर्ण संच बदलून मिळतो. फक्त चकती बदलून दोन हजार वाचवण्याचा सल्ला मानू नये, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोन्ही वेळा तेवढीच लागते आणि जुने बेअरिंग पुढच्या सहा महिन्यांत ती पुन्हा भरायला लावू शकते.

महाराष्ट्रातील रस्ते ज्या भागांची सर्वाधिक परीक्षा घेतात ते चाकांजवळ असतात: शॉक ॲब्सॉर्बर, लोअर आर्म, त्याचे रबरी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड. खड्ड्यातून जाताना खडखडाट, गतिरोधकावर करकर, सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढणारे स्टिअरिंग आणि टायरची एकाच कडेने झालेली झीज ही त्यांची लक्षणे. एकेक भाग हजार-दोन हजारांचा असतो, परंतु ते एकत्र झिजतात, त्यामुळे पुढच्या बाजूचे पूर्ण काम आठ ते बारा हजारांवर जाते. इथेही ती साखळी आहेच. पुढच्या चाकांना इंजिनाची गती देणाऱ्या ॲक्सलच्या टोकाला असलेला सांधा ग्रीसमध्ये बुडालेला असतो आणि त्याच्यावर ‘बूट’ नावाचे रबरी आवरण असते; हे दोन-चारशे रुपयांचे आवरण फाटले की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि काही महिन्यांत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट असा आवाज येऊ लागतो. मग सांधा किंवा अख्खा ॲक्सल अडीच ते पाच हजारांना बदलणे एवढाच मार्ग उरतो. गाडी जॅकवर उचलून चार बूट पाहायला पाच मिनिटे पुरतात.

वातानुकूलन यंत्रणा चालू आहे की नाही एवढे पाहून समाधान मानणारे पुष्कळ असतात. यंत्रणेत वायू भरण्याला दीड-दोन हजार लागतात, पण वायू आपोआप संपत नाही. तो कुठून तरी गळतो. डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये धूळ, पाने आणि ओलावा साठून ती सडते, आणि ती बदलण्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागत असल्याने सहा ते नऊ हजारांचा खर्च येतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वायू भरून घेण्याची सवय असलेल्या गाडीत वायूबरोबर तेलही कमी होत जाते आणि शेवटी कॉम्प्रेसर जातो, ज्याला दहा ते अठरा हजार रुपये लागतात. विदर्भात मे महिन्यात गाडी वापरणाऱ्यासाठी ही रक्कम चैनीच्या खात्यातली नव्हे.

विजेच्या भागांपैकी बॅटरी सर्वांत लवकर बदलावी लागते, पण तिच्या साडेतीन-साडेचार हजारांपेक्षा चिंतेचा विषय डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा हा आहे. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली की तो पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात पेटतच नसेल तर तो काढून टाकलेला असण्याची शक्यता असते. स्कॅनर लावून दोषांचे संकेतांक पुसताही येतात, म्हणून गाडी निदान वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा स्कॅनर लावणे अधिक विश्वासार्ह ठरते.

क्लचचे पेडल नसलेल्या स्वस्त गाड्या भारतात रुळल्या त्या २०१४ च्या सेलेरिओपासून, आणि आता त्या मोठ्या संख्येने वापरलेल्या बाजारात आल्या आहेत. त्यांत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम तेलाच्या दाबावर किंवा विजेवर चालणारा ॲक्चुएटर नावाचा घटक करतो. क्लच झिजला की बदललेल्या अंतराची नोंद संगणकाला नव्याने शिकवावी लागते. ती न शिकवता नुसता क्लच बदलला तर गाडी धक्के देते, आणि या धक्क्यांवर उपाय म्हणून ॲक्चुएटरच बदलायला सांगितले जाते, ज्याचा खर्च वीस हजारांच्या पुढे सहज जातो. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर थोपवून धरण्याची सवय इथे अधिक घातक आहे, कारण चकती जळत असल्याची जाणीव पायाला होत नाही.

डिझेल हॅचबॅकमध्ये गणित बदलते. फियाटचे १२४८ सीसी मल्टिजेट इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसवले गेले, पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत असे, आणि त्यामुळे महाराष्ट्रातले मेकॅनिक त्याला अंतर्बाह्य ओळखतात. ते टिकाऊ आहे, पण तेल बदलण्यात झालेली हयगय त्याच्या टायमिंगच्या साखळीला सोडत नाही. थंड इंजिन सुरू करताच पुढून येणारी खळखळ ही साखळी सैल झाल्याची खूण असते. इंजेक्टर चार असतात आणि नवा घेतला तर प्रत्येकाला दहा हजारांवर रक्कम लागते, टर्बोला पंचवीस-तीस हजार. टॅक्सी म्हणून धावलेली आणि मीटर मागे फिरवलेली डिझेल गाडी कमी किमतीत मिळाली तरी ती स्वस्त नसते. सीएनजी गाडीत टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे बंधनकारक असते, आणि बाहेरून किट बसवलेल्या इंजिनात झडपांच्या बैठका लवकर झिजण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते.

कोकणपट्टी, गोवा आणि मुंबईत वापरलेल्या गाडीत खरी तपासणी पत्र्याची. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि गाडीच्या तळाचे जोड आतून गंजतात, वरून लांबी, म्हणजे रंगापूर्वी लावायचा लेप, भरून रंग दिला की गाडी नवी दिसते, आणि पुढच्या पावसाळ्यात फुगवटे वर येतात. लोहचुंबकाचा तुकडा कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवला तर जिथे लेप जाड आहे तिथे तो धरत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचा धोका याहून मोठा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, आणि अशा प्रत्येक संकटानंतर पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाण्याचा धोका असतो. पाण्यातून चालवताना हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उभ्या गाडीत शिरलेले पाणी वायरिंगच्या जोडांत हिरवट क्षार तयार करते, ज्याचे परिणाम वर्षभराने दिसतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्यावर गाळाची रेघ पाहावी आणि सीटखालच्या रुळांवर गंज तपासावा; या दोन खुणा पुसायला बहुतेक विक्रेते विसरतात.

२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रश्न अलीकडचा आहे. जुन्या गाड्यांतील काही रबरी नळ्या आणि गॅस्केट नेहमीपेक्षा लवकर बदलावे लागू शकतात हे केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले, मात्र हे काम स्वस्त व नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होणारे आहे असेही सांगितले. हे खरे मानले तरी पेट्रोलचा वास आणि इंधननळीची ओल याकडे जुन्या गाडीच्या मालकाने आता अधिक काटेकोरपणे पाहावे, कारण इथे हलगर्जीपणाचे परिणाम पैशांत मोजता येत नाहीत.

भाग कुठून घ्यावा यावरही खर्च बराच फिरतो. मोटार कंपनी शॉक ॲब्सॉर्बर, क्लच किंवा बेअरिंग स्वतः सहसा बनवत नाही. ते बनवणारा पुरवठादार तोच भाग स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतो, आणि पुण्यातील नाना पेठेसारख्या बाजारात तो कमी दरात मिळतो. मुंबईत कुर्ल्याला मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात. आरसा, दार, काच, बंपर यांसाठी ती उत्तम सोय आहे, पण ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांचे वापरलेले भाग घेणे कोणत्याही किमतीत समर्थनीय नाही. जुने इंजिन आणून बसवण्याचा पर्याय दुरुस्तीपेक्षा स्वस्त वाटतो, तथापि इंजिनाचा क्रमांक आरसी पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे, बदलाची नोंद परिवहन कार्यालयात कागदपत्रांसह झाली पाहिजे, आणि ती झालेली नसेल तर गाडी विकताना किंवा पुन्हा पासिंग करताना अडते.

पासिंगचा खर्चही दुरुस्तीच्या हिशेबातच धरावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते, त्यासाठी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आणि वीस वर्षांपुढील गाडीला ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनुसार १०,००० रुपये शुल्क आहे, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. तपासणीत ब्रेक, दिवे, धूर आणि पत्रा पाहिला जात असल्याने तेरा-चौदा वर्षांची गाडी विकायला काढणाऱ्याने पुष्कळदा हाच खर्च टाळलेला असतो. अशा गाडीची किंमत ठरवताना शुल्क, कर, चार टायर, पुढचे सस्पेन्शन आणि पासिंगपूर्वीचे पत्र्याचे काम यांची बेरीज आधी कागदावर मांडावी, ती सांगितलेल्या किमतीतून वजा करावी, आणि उरलेल्या रकमेवर विक्रेता तयार नसेल तर त्याच पैशांत दोन-तीन वर्षांनी कमी वयाची, लहान इंजिनाची, पावत्यांसह मिळणारी गाडी शोधावी.